माटोळीचा बाजार आणि ओन्ताची माती

चतुर्थीला दोन-तीन दिवस उरले की गोव्यातील डिचोली, सांखळी, म्हापसा, फोंडा या गावांच्या पेठांना निराळीच कळा येते. एरवी जेथे प्लॅस्टिकच्या बादल्या आणि तयार कपडे मांडलेले असतात, तेथे रानालगतच्या वाड्यांतून आलेल्या स्त्रिया गोणपाट पसरून बसतात. त्यांच्यापुढे माट्टीची फळे, कांगलांचे घोस, लालभडक कवंडळे, आंबाडे, तोरिंगे आणि सुपारीची शिंपुटे यांची रास असते. हा सारा माल माटोळीसाठी असतो. गोमंतकाबाहेरील वाचकांसाठी सांगावयाचे तर माटोळी म्हणजे लाकडी पट्ट्यांची चौकट. ती गणपतीच्या वर छताला टांगतात आणि रानात, परसात, शेतात त्या ऋतूत जे जे पिकले असेल ते तिला बांधतात. एरवी कोणाच्या खिजगणतीत नसलेले रानफळ त्या दिवशी देवाच्या माथ्यावर मानाने लोंबते.

हा बाजार दोन-तीन दिवसांचा. चतुर्थी उजाडली की त्याचा मागमूस राहत नाही. पण तेवढ्या अवधीत आईचे बोट धरून आलेले मूल एखाद्या फळाकडे बोट दाखवून "हे काय?" असे विचारते आणि समोरची बाई त्याला फळाचे नाव सांगते, ते कोणत्या झाडाला येते हे सांगते आणि खायचे की नुसते बांधायचे तेही सांगते. आमच्या मते हे सांगणे हाच त्या बाजाराचा खरा माल होय. फळ चार दिवसांत सुकते; सांगितलेले मुलाच्या ध्यानात राहते.

थोड्या दिवसांसाठी भरणारा, एखाद्या भागाचे पदार्थ व कारागिरी दुसऱ्यांपुढे ठेवणारा असा बाजार आपल्याकडे आपसूक वाढला. जत्रेत तो आहे, आठवड्याच्या बाजारात आहे, पावसाळ्यापूर्वी भरणाऱ्या पुरुमेंताच्या फेस्तात आहे. जपानने मात्र हा प्रकार गेल्या शतकात जाणीवपूर्वक घडविला, त्याला शिस्त लावली आणि त्यातून खेडी सावरण्याचा यत्न केला. त्या यत्नातून गोमंतकाने आणि महाराष्ट्राबाहेरील मराठी घरांनी काय घ्यावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

जुनी ओळख

जपान आपल्याला दूरचा देश वाटतो. गोमंतकाशी त्याची ओळख मात्र पावणेपाचशे वर्षांची आहे. आन्जिरो नावाचा कागोशिमाचा गृहस्थ गोव्यात आला, १५४८ साली येथे त्याने बाप्तिस्मा घेतला आणि सेंट पॉल कॉलेजात तो शिकला. त्यालाच सोबत घेऊन फ्रान्सिस झेवियर १५४९ च्या ऑगस्टात कागोशिमाला उतरले. पुढे १५८२ साली नागासाकीहून रोमकडे निघालेली चार किशोरवयीन जपानी मुले जाताना आणि येताना गोव्यात राहिली. त्यांपैकी हारा मार्तिनो याचे लॅटिन भाषण १५८८ साली गोव्यात छापले गेले. मराठीच्या अभ्यासकांना 'क्रिस्तपुराणा'मुळे परिचित असलेले फादर थॉमस स्टीफन्स त्या काळी गोव्यातच होते. आमची डिचोली तेव्हा पोर्तुगीजांच्या अमलाखाली नव्हती. ती त्यांच्याकडे गेली अठराव्या शतकात.

या ओळखीच्या खुणा आजही दोन्हीकडच्या स्वयंपाकघरांत सापडतात. ज्या पोर्तुगीज शब्दावरून आपण 'पाव' म्हणतो, त्याच शब्दावरून जपानी माणूस 'पान' म्हणतो. गोव्यातील जुनी माणसे सदऱ्याच्या गुंडीला बुतांव म्हणतात, जपानी माणूस बोतान. आणि सर्वांत गोड खूण म्हणजे 'कोम्पेइतो' हा साखरेचा काटेरी दाणा. पोर्तुगीज मिठाईच्या नावावरून त्याचे नाव आले. लुइश फ्रॉइश या पाद्र्याने १५६९ साली ओदा नोबुनागा या सत्ताधीशाला तो नजर केल्याची नोंद आहे. तापलेल्या भांड्यात दाणे फिरवीत त्यांच्यावर साखरेचा पाक थोडा थोडा सोडावयाचा आणि दिवसेंदिवस धीर धरून काटा फुलवावयाचा, ही त्याची कृती. संक्रांतीचा हलवा ज्या घरांत अजून हाताने होतो, त्या घरांतील गृहिणींना ही कृती निराळी समजावून सांगावी लागणार नाही.

महाराष्ट्रातही या स्नेहाचे एक हिरवे स्मारक आहे. ओकायामा येथील कोराकुएन या तीनशे वर्षांच्या उद्यानाच्या धर्तीवर पुण्यात २००६ साली एक बाग खुली झाली. तिला नाव मिळाले पु. ल. देशपांडे यांचे, ज्यांनी 'पूर्वरंग'मधून मराठी वाचकांना जपानची सैर घडविली होती.

गावाचे नाव सांगणारा बाजार

जपानमधील मोठ्या शहरांतील बहुमजली दुकानांत वर्षभर 'बुस्सानतेन' भरतात. बुस्सानतेन म्हणजे एखाद्या प्रांताच्या जिनसांचे चार-आठ दिवसांचे प्रदर्शन. या आठवड्यात होक्काइडो असेल, पुढे क्यूशू असेल. त्या त्या प्रांतातील माणसे येऊन तेथेच पदार्थ रांधतात, लोणची मांडतात, लाकडी व मातीची भांडी दाखवितात. टोकियोच्या शिंजुकू भागातील केइओ या दुकानात १९६६ पासून दर जानेवारीत रेल्वे-स्थानकांवरील शिदोऱ्यांचा मेळा भरतो. जपानमध्ये स्थानकोस्थानी त्या भागातील पदार्थांची डबाबंद शिदोरी मिळते. तिला 'एकिबेन' म्हणतात. होक्काइडोतील मोरी स्थानकाची शिदोरी म्हणजे भात भरून शिजविलेला, गोव्यात ज्याला आपण माणकी म्हणतो तो जलचर. भरलेल्या माणक्या आवडीने खाणाऱ्या गोमंतकीयाला त्या रांगेत उभे राहावयास संकोच वाटू नये!

पण बाजार भरविण्यापूर्वी गावाकडे सांगण्याजोगे काही असावे लागते. या बाबतीत क्यूशू बेटावरील ओइता प्रांताचे उदाहरण जगभर सांगितले जाते. तेथील ओयामा हे डोंगराळ खेडे. भातशेतीला सपाट जमीन थोडी. सरकार भात पिकवा म्हणत असता १९६१ साली गावकऱ्यांनी डोंगरउतारावर आलुबुखाराच्या जातीची उमे ही झाडे आणि चेस्टनटची झाडे लावावयाचे ठरविले. 'झाडे लावू आणि हवाईला जाऊ' अशी त्यांची घोषणा होती आणि पुढे गावकरी खरोखरच हवाईची सफर करून आले. हे पाहून ओइताचे गव्हर्नर मोरिहिको हिरामात्सू यांनी १९७९ साली 'एक गाव, एक उत्पादन' ही चळवळ सुरू केली. प्रत्येक गावाने आपली एक वस्तू निवडावी, ती जगाच्या तोलाची करावी, सरकारी अनुदानापेक्षा स्वतःच्या कल्पकतेवर विसंबावे आणि वस्तूइतकीच माणसे घडवावीत, हे तिचे सूत्र. हिरामात्सू यांना १९९५ साली मॅगसेसे पुरस्कार लाभला. थायलंडने ती कल्पना उचलली. आपल्याकडे उत्तर प्रदेशाने २०१८ साली 'एक जिल्हा, एक उत्पादन' योजना आखली. आणि २०२२ पासून आपल्या रेल्वे-स्थानकांवर 'एक स्थानक, एक उत्पादन' अशी पाटी असलेली छोटी दुकाने दिसू लागली. त्या पाटीमागचा विचार क्यूशूच्या डोंगरातून आला आहे, हे प्रवाशांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

ओन्ताचे कुंभार

ज्या हिता नगरात आज ओयामा समाविष्ट आहे, त्याच नगराच्या हद्दीत डोंगरात ओन्ता नावाची कुंभारवाडी आहे. अठराव्या शतकाच्या आरंभापासून येथे चाक फिरते आहे. कुंभारांची घरे दहाच्या आसपास. माती डोंगरातून सर्वांनी मिळून खणावयाची आणि सारखी वाटून घ्यावयाची. ती कुटण्यासाठी ओढ्याच्या पाण्यावर चालणारे लाकडी घण आहेत. तुळईच्या एका टोकाच्या खोलगट भागात पाणी भरते, ते टोक खाली जाते, पाणी सांडते आणि दुसरे टोक धाडकन मातीवर आदळते. हा आवाज दिवसरात्र चालू असतो. जपानच्या सरकारी खात्याने १९९६ साली जतन करण्याजोग्या शंभर ध्वनींची यादी केली, तीत हा आवाजही आहे. घण जेवढी माती कुटतील तेवढीच भांडी होतात. म्हणून धंदा वाटेल तसा वाढविता येत नाही. घरटी एकाच मुलाने पुढे चाकावर बसावयाचे, असा रिवाज आहे. भांड्यावर कुंभार स्वतःचे नाव उमटवीत नाही. ते ओन्ताचे भांडे, एवढीच त्याची ओळख.

१९३१ साली लोककारागिरीचे पुरस्कर्ते यानागी सोएत्सू या वाडीत आले. १९५४ साली इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच येथे येऊन राहिले. ओन्ताचे नाव झाले. १९९५ साली जपानने या कारागिरीला राष्ट्रीय वारशाचा दर्जा दिला. दर ऑक्टोबरात दोन दिवस वाडीतच भांड्यांचा बाजार भरतो आणि लांबलांबून लोक डोंगर चढून येतात.

या कथेला दुसरी बाजू आहे आणि तीही सांगितली पाहिजे. ब्रायन मोरन या मानववंशशास्त्रज्ञाने ओन्तात राहून केलेल्या अभ्यासावर १९८४ साली ग्रंथ लिहिला. पूर्वी शेती आणि कुंभारकाम दोन्ही करणारी, एकमेकांच्या बांधावर राबणारी ही घरे कीर्ती व मागणी वाढताच केवळ भांड्यांच्या मागे लागली आणि त्यांच्यातील जुना सहकार सैल झाला, असे त्याने दाखविले. गिऱ्हाईक येऊ लागले म्हणजे कारागिरी वाचली, हे समीकरण इतके सोपे नाही. बाजार जगवितो तसा झिजवितोही. ओन्ता अजून टिकून आहे ते सामाईक माती, पाण्याचे घण आणि निनावी भांडे ही आपली बंधने त्या वाडीने सोडली नाहीत म्हणून, असे आम्हांस वाटते.

डिचोलीचे हात

आता आमच्या गावाकडे वळतो. डिचोली गोव्यात दोन गोष्टींसाठी जाणली जाते: पितळेच्या समया आणि मातीची भांडी. ओतीव समयी, निरांजने आणि घंटा घडविणारे कासार, तसेच पणत्या, घागरी व मडकी घडविणारे कुंभार ही या तालुक्याची जुनी श्रीमंती होय.

नवी श्रीमंती लोखंडाच्या खनिजाची. कित्येक दशके या तालुक्याचा संसार खाणींवर चालला. रस्त्यांवर ट्रकांची रीघ, घराघरावर तांबडी धूळ आणि हातात रोख पैसा असे ते दिवस होते. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खाणी थांबल्या; काही काळ सुरू होऊन २०१८ साली पुन्हा थांबल्या. दारात उभ्या असलेल्या ट्रकाचे हप्ते कसे फेडावे, या विवंचनेत अनेक घरे पडली आणि त्या घरांतील मुले आमच्या वर्गात बसत होती. पुढे खाणपट्ट्यांचे लिलाव झाले आणि काम पुन्हा सुरू होऊ लागले आहे. तरीही त्या वर्षांनी एक धडा शिकविला. जहाजात भरून गेलेले खनिज गावाचे नाव घेऊन जात नाही आणि परतही येत नाही. कुंभाराची घागर मात्र ज्या घरात जाते तेथे गावाचे नाव नेऊ शकते. आज ती नेत नाही, हे आमचे दुःख आहे.

याची प्रचीती आम्हांस शाळेत आली. एकदा आम्ही सातवीच्या मुलांना सांगितले की, घरात या तालुक्यात हाताने घडलेली एक वस्तू शोधा आणि ती कोणी घडविली ते विचारून या. वस्तू बहुतेकांना सापडली; कोणी समई सांगितली, कोणी सूप, कोणी मडके. करणाऱ्याचे नाव मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मुलांनी आणले. एक मुलगा म्हणाला, "सर, समई आजीच्या लग्नातली आहे. पण कोणी केली हे घरात कोणी कधी विचारलेच नाही." ओन्ताचा कुंभारही आपले नाव घालीत नाही, हे खरे. पण तेथे गाव तरी कळते. आपल्याकडे माणूसही कळत नाही आणि गावही.

खाद्यपदार्थांच्या बाबतीत अलीकडे थोडी जाग आली आहे. जत्रेत मिळणारे, गूळ-आले-तिळांत घोळलेले बेसनाचे खाजे, काणकोणकडील खोलाची मिरची, आमच्या शेजारच्या पेडण्यातील हरमलची मिरची, मयडेचे केळे, मानकुराद आंबा यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. नाव कायद्याने राखले गेले, हे उत्तम झाले. पण हरमलची मिरची उन्हात वाळविणारी बाई आपल्या लेकीला ते काम शिकवील की नाही, हे प्रमाणपत्रावर अवलंबून नाही. ज्या कामाला गिऱ्हाईक आदराने प्रश्न विचारतो, ते काम मुले शिकतात. जपानच्या १९७४ च्या परंपरागत कारागिरीविषयक कायद्याने दोनशे चाळीसहून अधिक कारागिरींना मान्यता दिली आहे. ती देताना वस्तू रोजच्या वापरातली असावी, मुख्यतः हाताने घडलेली असावी आणि त्या भागात ती करणारी माणसे पुरेशा संख्येने असावीत, या अटी घातल्या. शेवटची अट आम्हांस विशेष मोलाची वाटते. एकटा उरलेला कारागीर सत्कारासाठी पुरतो, परंपरेसाठी पुरत नाही.

बंद शाळेतील वारली चित्रे

जपानने आपल्या गावांचे कौतुक केले तसे आपल्याही एका पाड्याचे केले. निगाता प्रांतातील तोकामाची या बर्फाळ भागात तोकिओ हासेगावा यांनी १९८२ साली मिथिला संग्रहालय स्थापन केले. बिहारच्या मधुबनी चित्रांबरोबर तेथे वारली चित्रेही आहेत. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हसे तेथे जाऊन राहिले, तेथल्या लोकांच्या देखत त्यांनी चित्रे काढली. म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली; २०१८ साली ते निवर्तले. घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने उमटणारा तारपा-नाच सातासमुद्रांपलीकडे पाहिला गेला तो चित्रकाराच्या उपस्थितीत, हे महत्त्वाचे.

शिक्षक म्हणून आम्हांस या कथेतील आणखी एक तपशील चटका लावून जातो. ते संग्रहालय पटाअभावी बंद पडलेल्या प्राथमिक शाळेच्या इमारतीत आहे. गोव्यातही गेल्या काही दशकांत कितीतरी मराठी प्राथमिक शाळा पटसंख्येअभावी बंद पडल्या. पेडणे, डिचोली, सत्तरी या तालुक्यांत कुलूप लागलेली कौलारू शाळा पाहावयास फार दूर जावे लागत नाही. ओसरी आहे, पटांगण आहे, बहुधा विहीरही आहे. वर्षातून दोन वेळा, दोन-दोन दिवस, या पटांगणात गावचा कुंभार, कासार, खाजेकार, माटोळीची फळे ओळखणारी आजी आणि शेजारच्या गावांतील मुले एकत्र आली तर त्या इमारतीला पुन्हा शाळापण येईल. मुले तेथे शिकतील आणि शिकविणारे हात गावचेच असतील.

आपल्या अंगणात

बडोदे, इंदूर, हैदराबाद, बेळगाव, दिल्ली येथील मराठी मंडळांना हे अधिक सुलभ आहे. दिल्लीत १९९४ साली सुरू झालेल्या दिल्ली हाटात कारागीर पाळीपाळीने येतात, ठरावीक दिवस राहतात आणि दुसऱ्यांना जागा देतात. योकोहामाच्या यामाशिता उद्यानात २००३ पासून तेथील भारतीय दिवाळीचा मेळा भरवितात आणि जपानी कुटुंबे मुलाबाळांसह तेथे येतात. आपल्या मंडळांच्या गणेशोत्सवात मात्र खाद्यपदार्थांची दुकाने पाहावीत तर सर्वत्र वडापाव आणि मिसळ! त्यांचा स्वाद आम्हांसही प्रिय आहे. पण त्यातून महाराष्ट्र वा गोमंतक किती कळतो?

म्हणून आमची सूचना अशी. मंडळाने वर्षाला एकच गाव किंवा एकच तालुका निवडावा. तेथून दोन-तीन कारागीर आणि रांधणारी एखादी माउली यांना सन्मानाने बोलवावे. मातीची भांडी वाटेत फुटतात आणि चार दिवस चाक थांबले की घरचे उत्पन्न थांबते. म्हणून त्यांच्याकडून जागेचे भाडे घेऊ नये, उलट प्रवासखर्च आणि रोजची मजुरी मंडळाने द्यावी. प्रत्येक वस्तूपुढे गाव, करणारा आणि तिचा ऋतू या तीन गोष्टी मराठीत व स्थानिक भाषेत लिहाव्यात. हळदीच्या पानातील पातोळ्या श्रावण-भाद्रपदातच का होतात, हे पाटीवर असावे. भावासाठी घासाघीस नको. माल संपला तर संपला. तो कारखान्यातून मागवून पुरवू नये. आणि प्रत्येक कारागिराजवळ मंडळातील एक मूल मदतनीस म्हणून बसवावे. त्याने पाहुण्यांना समजावून सांगावे, चाकावर हात ठेवून पाहावा आणि संध्याकाळी घरी जाऊन आईला सांगावे की घागरीचा गळा सर्वांत कठीण असतो.

अशा दोन दिवसांनी कुंभाराचा संसार एकदम बदलणार नाही, हे आम्ही जाणतो. पण घरी परतल्यावर त्याच्या मुलाने "तेथे लोक काय विचारीत होते?" असे विचारले आणि बापाला सांगण्यासारखे पुष्कळ असले, तर त्या मुलाचे चाकाशी असलेले नाते थोडे बदलेल. ओन्तात चाकावर एकच मूल बसते, पण ते बसते. आमच्या वाड्यांतून तेवढे घडले तरी पुष्कळ झाले.

मंडळाच्या पुढील सभेत जमाखर्च वाचून झाला की अध्यक्षांनी एवढाच प्रश्न विचारावा: यंदा कोणते गाव बोलवावयाचे?